भक्तीत सगळं ऐकू येतं, पण कळत नाही : सुरुवात कुठून करावी?

समितीवाला

सर्वांना जय ख्रिस्त. मंडळीच्या उपासना समितीपुढे आलेला एक विषय इथे मांडतो.

रविवारची भक्ती दीड तासाची. गीतं, पापांगीकार, दोन शास्त्रपाठ, चाळीस मिनिटांचा संदेश (प्रवचन), मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठी केलेली प्रार्थना, सूचना, आशीर्वाद. महिन्यातून एकदा प्रभुभोजन. माणसं दीडशेच्या आसपास. त्यात नवखे आहेत, तरुण आहेत, कमी ऐकू येणारे ज्येष्ठ आहेत आणि भक्तीची भाषा जेमतेम समजणारे वीसेक जणही आहेत. तक्रार मात्र सगळ्यांची एकच : "छान झालं, पण नेमकं काय सांगितलं ते लक्षात आलं नाही."

समितीत जितकी तोंडं तितकी मतं. एक म्हणतो संदेश अर्ध्यावर आणा. दुसरा म्हणतो नवी साऊंड सिस्टीम घ्या. तिसऱ्याला सगळं पडद्यावर हवं आहे. चौथ्याचं म्हणणं, "तारण, प्रायश्चित्त, नीतिमान ठरणं हे शब्दच काढून टाका, आजच्या माणसाला ते कळत नाहीत."

आधी कशाला हात घालावा? आणि दोन भाषांचं काय करावं? "प्रार्थना करा, सगळं होईल" हे उत्तर समितीत मिळालेलं आहे, त्यामुळे इथे कृपया कामाचं सांगा.

पाच शब्द

आधी कशालाच हात घालू नका. अर्थ कुठे गळतो ते शोधा. "कळलं नाही" या एका तक्रारीत तीन-चार वेगवेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं.

भक्ती संपल्यावर लगेच तिघांना गाठा : बारा-तेरा वर्षांचं एखादं मूल, नवखा माणूस आणि मंडळीतला जुना सभासद. तिघांना वेगवेगळं विचारा, "आज काय सांगितलं, एका वाक्यात सांगाल?" "आवडलं का?" असं विचारू नका, त्याला उत्तर "हो" हेच येतं. पाळकांनीही (मंडळीच्या धर्मगुरूंनी) आपलं वाक्य भक्तीआधीच कागदावर लिहून ठेवलेलं असावं. तिघांनी तीन वेगळी वाक्यं सांगितली तर संदेशाला कणा नाही. तिघांचं एकच आलं पण पाळकांच्या वाक्याशी जुळत नसेल, तर बहुतेक वेळा एखादा दृष्टांत मुद्द्यापेक्षा मोठा झालेला असतो. जुन्या सभासदाला कळलं आणि बाकीच्या दोघांना नाही, तर अडचण शब्दांची. आणि तिघांनीही "मधलं मधलं निसटलं" म्हटलं तर प्रश्न आवाजाचा. चार रविवार हे करा, मग सिस्टीमचं बघा.

आता संदेशाबद्दल. बहुतेक संदेशांना विषय असतो, विधान नसतं. मार्क २:१-१२ घ्या, छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती. "विश्वासाचं महत्त्व" हा विषय झाला. त्यावर चाळीस मिनिटं काहीही बोलता येतं आणि म्हणूनच श्रोत्याच्या हाती काही लागत नाही. विधान असं असतं : "येशूने त्या माणसाला चालायला लावलं ते पापांची क्षमा करायचा अधिकार आपल्याला आहे हे दाखवायला." हे वाक्य दहाव्या वचनातून थेट निघतं. एकदा ते ठरलं की काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते आपोआप ठरतं. चार मित्रांच्या मैत्रीवरची दहा मिनिटं कितीही गोड असली तरी ती या संदेशात बसत नाहीत. दुसऱ्या रविवारसाठी ठेवा.

यानंतर कानासाठी लिहिणं. वाचणारा मागची ओळ पुन्हा बघू शकतो, ऐकणारा नाही. म्हणून :

वाक्य दहा-बारा शब्दांचं. "ज्याने... त्याने... ज्यामुळे" अशी साखळी दोन कड्यांपुढे जाऊ द्यायची नाही.

सर्वनामं जपून वापरा. याच उताऱ्यात "तो त्याला म्हणाला, तेव्हा त्याने त्यांच्या मनातलं ओळखलं" असं वाक्य झालं की कोण कोणाला हे फक्त बोलणाऱ्याला ठाऊक. येशू, पक्षाघाती, शास्त्री ही नावं पुन्हा पुन्हा घ्या. कागदावर ते कंटाळवाणं दिसतं, कानाला अजिबात खटकत नाही.

मुख्य उताऱ्याशिवाय इतर वचनं जास्तीत जास्त तीन. पाळक बारा ठिकाणची वचनं काढायला लावतात तेव्हा लोक पानं उलटत राहतात आणि ऐकणं थांबतं. संदर्भ सांगताना पुस्तक, अध्याय, वचन या क्रमाने सांगा, पुन्हा एकदा सांगा आणि पानांचा आवाज थांबेपर्यंत गप्प राहा. दहा-पंधरा सेकंद लागतात. व्यासपीठावर ती फार मोठी वाटतात म्हणून बहुतेक जण तीन सेकंदांतच वाचायला लागतात.

वेग मिनिटाला ११०-१२० शब्दांचा धरा. त्या हिशेबाने चाळीस मिनिटं म्हणजे साडेचार हजार शब्द, छापलं तर दहाएक पानं. दहा पानांचा मजकूर एकदाच ऐकून किती जणांच्या ध्यानात राहील? पंचवीस मिनिटांत एक विधान नीट मांडता येतं. पण नुसतं घड्याळ कापून उपयोग नाही. विधानच नसेल तर पंचवीस मिनिटांतही गोंधळच होईल, फक्त लवकर संपेल.

वेळ खरी कुठे जाते सांगू? तीन प्रस्तावना आणि चार शेवट. "आता शेवटी एकच सांगतो" हे वाक्य एका संदेशात एकदाच यावं असा ठराव समितीने केला तरी दहा मिनिटं वाचतील.

एज्राचा मंच

संदेशाआधी शास्त्रपाठ येतो, आणि तिथेच निम्मं निसटतं. नहेम्याच्या आठव्या अध्यायाचं आठवं वचन बघा : नियमशास्त्र स्पष्ट वाचलं, अर्थ सांगितला, लोकांना वाचलेलं समजलं. नियमशास्त्र वाचणाऱ्या एज्रा शास्त्र्यासाठी खास लाकडी मंच केला होता (वचन ४) आणि लोकांना समजावणाऱ्या तेरा जणांची नावं दिली आहेत (वचन ७). एवढी तयारी तेव्हा होती. आपल्याकडे गीत चालू असताना समोरच्याच्या हातात चिठ्ठी जाते, "आज तुम्ही वाचा."

वाचकासाठी नियम असे ठेवावेत :

उतारा निदान चार-पाच दिवस आधी द्यायचा. घरी मोठ्याने तीनदा वाचायचा. पहिल्यांदा अडखळणारे शब्द सापडतात, दुसऱ्यांदा श्वास कुठे घ्यायचा ते, तिसऱ्यांदा कुठल्या शब्दावर जोर द्यायचा ते. माणसांची आणि गावांची नावं पाळकांना विचारून पक्की करायची.

मोबाईलवरून वाचायचं नाही. पडदा मधेच विझतो, बोट लागून पान सरकतं आणि मान खाली जाते. १६-१८ पॉइंटमध्ये, ओळींत मोकळी जागा सोडून छापलेला कागद घ्यावा, किंवा मोठ्या टायपाचं पवित्र शास्त्र. श्वासाच्या जागी पेन्सिलीने उभी रेघ. पौलाच्या पत्रांत ही रेघ फार लागते. इफिसकरांस १:३-१४ हे मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. भाषांतरात त्याचे तुकडे केले असले तरी आशय तसाच लांबलचक राहतो. रेघा न मारता वाचलं की "ख्रिस्तामध्ये" हा शब्द दर वेळी वेगळ्याच वाक्याला चिकटतो.

मधली उपशीर्षकं आणि वचनांचे आकडे वाचायचे नाहीत. ते मूळ लेखकांचे नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँगटन यांच्या नावाने ओळखली जाणारी. नव्या करारातल्या वचनांचे आकडे रॉबर्ट एस्तिएन यांच्या १५५१ च्या आवृत्तीतले. म्हणून अध्याय जिथे सुरू होतो तिथेच विषय सुरू होतो असं धरून उतारा तोडू नका. यशया ५३ वाचायचा तर ५२:१३ पासून घ्या, कारण सेवकाचं गीत तिथे सुरू होतं. फिलिप्पैकरांस ४:१३ एकटं वाचलं की ते यश मिळवण्याचं वचन वाटतं. ११ आणि १२ जोडा, म्हणजे ते भुकेत आणि टंचाईतही समाधानी राहण्याबद्दल आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

उतारा "म्हणून" किंवा "तो" ने सुरू होत असेल तर मजकुराला हात लावू नका, वाचनाआधी एक वाक्य सांगा. उदाहरणार्थ रोमकरांस १२ आधी : "अकरा अध्याय देवाच्या दयेविषयी लिहिल्यावर पौल आता त्या दयेला उत्तर म्हणून कसं जगायचं ते सांगतो." एवढंच. वाचकाने तीन मिनिटांची प्रस्तावना केली की तो दुसरा उपदेशक होतो, आणि पाळकांचा मुद्दा आधीच फुटतो तो वेगळाच.

मागचं बाक

नवी सिस्टीम मागणाऱ्यांना थोडं थांबवा. बहुतेक ठिकाणी आवाज कमी नसतो, अस्पष्ट असतो. आणि अस्पष्ट आवाज वाढवला की मोठा अस्पष्ट आवाज मिळतो.

पहिली गोष्ट, माईकचं अंतर. हातातला किंवा स्टँडवरचा माईक तोंडापासून १०-१५ सेंटिमीटरवर, जरा बाजूला. अगदी समोर धरला तर "फ", "भ", "प" वर धप्प आवाज येतो. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. वक्ता १० वरून ४० सेंटिमीटरवर सरकला की १२ डेसिबल गेले. मग मिक्सरवरचा माणूस आवाज वाढवतो, माईक हॉलचा घुमारा आणि पंखे उचलतो, शिट्टी वाजते. हा सगळा खेळ वक्त्याने माईकजवळ उभं राहिलं तर होतच नाही. डोकं हलवत बोलणाऱ्यांना कॉलरचा माईक द्या, हनुवटीच्या १५-२० सेंटिमीटर खाली, पदर किंवा झगा घासणार नाही असा.

दुसरी, बोलणाऱ्याच्या चॅनलवर ८०-१०० हर्ट्झखालचा भाग कापा. जवळजवळ प्रत्येक मिक्सरवर त्याचं बटण असतं आणि ते कोणी दाबत नाही. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि व्यंजनांचा बराचसा भाग २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास असतो. खालची गडगड गेली की तो मोकळा होतो. वय वाढतं तसं ऐकणं आधी वरच्या पट्टीत कमी होतं, म्हणून ज्येष्ठ म्हणतात "आवाज येतो, शब्द कळत नाही". ते अगदी बरोबर सांगत असतात.

तिसरी, संदेशाच्या वेळी गायनमंडळाचे आणि वाद्यांचे माईक बंद. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी यायच्या आधी मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलने घटतो. सहा माईक उघडे ठेवून एकाचा आवाज वाढवायला जाणं हा स्वतःहून ओढवलेला त्रास.

चौथी, हॉल लांब आणि घुमणारा असेल तर पुढचे स्पीकर मोठे करण्याऐवजी मागच्या लोकांच्या जवळ छोटे स्पीकर लावा. त्यांना विलंब द्यावाच लागतो. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. पुढच्या स्पीकरपासून १५ मीटरवर दुसरा असेल तर ४५, त्यात आणखी १०-१५ मिळवा, म्हणजे आवाज समोरूनच येतोय असं वाटतं. विलंब न देता लावले तर मागच्या रांगेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि आधीपेक्षा वाईट होतं.

मिक्सर सांभाळणारा लोकांमध्ये बसलेला हवा, काचेमागे नको. आणि शनिवारी रिकाम्या हॉलमध्ये केलेली चाचणी रविवारी चालत नाही, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. पहिल्या गीताच्या वेळी मागच्या बाकापर्यंत एक फेरी मारा. श्रवणयंत्र वापरणारे असतील तर इंडक्शन लूपची, म्हणजे हॉलभोवती टाकलेल्या आणि श्रवणयंत्राला बिनतारी आवाज पोहोचवणाऱ्या तारेची, चौकशी करा. यंत्रात टी-कॉइलची (तो आवाज पकडणाऱ्या छोट्या वेटोळ्याची) सोय असेल तर माईकचा आवाज मधल्या घुमाऱ्याशिवाय थेट कानात जातो.

पडद्याबद्दल थोडक्यात. गीताच्या एका स्लाइडवर चार ओळी, फार तर. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांवर पुढची स्लाइड आली पाहिजे. ओळ संपल्यावर बदलली तर लोक पहिला शब्द गिळतात. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, म्हणून ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की पडद्यावर सगळी विचित्र चिन्हं येतात आणि मंडळी गायचं सोडून हसते. मागे सूर्यास्त आणि धबधबे नकोत. संदेशाचा मजकूर पडद्यावर अजिबात नको. लोक आधी वाचून टाकतात आणि मग वाट बघत बसतात. वचन दाखवा आणि पडदा काळा करा.

जुनी उपासना

वरचं सगळं मान्य, पण एक हरकत नोंदवतो. उपासना म्हणजे शिकवणी नव्हे. "स्पष्टता" हा शब्द हाती लागला की काही ठिकाणी भक्ती चालवणारा प्रत्येक पायरीला निवेदन करू लागतो : आता आपण पापांगीकार करणार आहोत, पापांगीकार म्हणजे काय, तो का करायचा... देवाशी बोलण्याआधी माणसाला दर वेळी माहितीपत्रक वाचायला लागतं.

मंडळीने हा तिढा फार जुन्या काळापासून हाताळला आहे. ८१३ मध्ये फ्रान्समधल्या तूर येथील धर्मसभेने बिशपांना सांगितलं की प्रवचनं लोकांच्या बोलीत, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या ग्रामीण रोमान्स बोलीत किंवा जर्मन बोलीत आणा, म्हणजे सर्वांना कळतील. विधीची भाषा लॅटिनच राहिली. १५६२ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मसभेने मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) सर्रास लोकभाषेत व्हावी हे मान्य केलं नाही, पण त्याच प्रकरणात धर्मगुरूंना बजावलं की मिस्सेत जे वाचलं जातं त्यातलं काही ना काही वारंवार समजावून सांगा. इंग्लंडमध्ये आर्चबिशप क्रॅन्मर यांनी १५४९ मध्ये सगळी प्रार्थनाच लोकांच्या भाषेत दिली. १९६३ मध्ये कॅथलिक चर्चच्याच दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात (कलम ३४) विधी आटोपशीर, स्पष्ट, निरुपयोगी पुनरुक्तीविना असावेत असं म्हटलं; आणि पुढे, लोकांना समजण्यासाठी त्यांना सहसा फार स्पष्टीकरण लागू नये, असंही. शेवटचा भाग महत्त्वाचा. विधीच इतका नीटस ठेवा की निवेदनाची गरज कमी व्हावी.

त्याच त्या प्रार्थना दर आठवड्याला म्हणणं हे अस्पष्टतेचं लक्षण मानू नका. प्रभूची प्रार्थना आणि मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) लहान मुलाला आधी पाठ होतात, अर्थ नंतर उमगत जातो. दर रविवारी नव्या शब्दांत लिहिलेला मतांगीकार आणला तर कोणालाच काही पाठ होणार नाही. स्पष्टीकरण वर्गात द्या. लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत हेच केलं : आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना जशीच्या तशी ठेवली आणि प्रत्येक भागाखाली एकच प्रश्न घातला, "याचा अर्थ काय?" उत्तरं बहुतेक चार-सहा ओळींची.

शांततेलाही जागा ठेवा. पापांगीकाराआधी वीस-तीस सेकंद. मात्र ती कशासाठी आहे हे एका वाक्यात आधी सांगा, नाहीतर लोकांना वाटतं पाळक पुढचं विसरले.

पाच शब्द

@जुनी उपासना, निवेदनाबद्दल शंभर टक्के सहमत. १ करिंथकरांस १४ मधली कसोटीही यालाच धरून आहे. सोळाव्या वचनात पौल विचारतो, तुझी उपकारस्तुती ज्याला कळत नाही तो तिला आमेन कसा म्हणणार? त्याला व्याख्यान नको आहे, ऐकणाऱ्याचा आमेन हवा आहे.

पण या कसोटीवर घासलं तर मध्यस्थीची प्रार्थनाच आधी नापास होते. पुष्कळदा ती दुसरा संदेश असते. "हे प्रभो, तुला ठाऊक आहे की मागच्या मंगळवारी बैठकीत..." ही प्रार्थना नाही, इतिवृत्त आहे. एका विनंतीत एक गोष्ट, दोन वाक्यं, मग ठरलेलं उत्तर : "प्रभो, दया कर" म्हटलं की मंडळी म्हणणार "आमची प्रार्थना ऐक". पाच-सहा विनंत्या पुरतात. उत्तराचे शब्द दर वेळी तेच ठेवा, मग कागद लागत नाही.

आणि सूचना! समितीची नावं आद्याक्षरांत सांगू नका. कोणासाठी, काय, कधी, कुठे, कोणाला भेटायचं, याच क्रमाने. तीनपेक्षा जास्त असतील तर उरलेल्या फलकावर.

दोनभाषी

भाषांतराचं सांगतो. पौलाने अन्य भाषांबद्दल (आत्म्याच्या प्रेरणेने बोललेल्या, ऐकणाऱ्यांना न कळणाऱ्या) जो क्रम घालून दिला (१ करिंथकरांस १४:२७-२८) तो इथेही चालतो : एका वेळी एकच बोलणार, आळीपाळीने, अर्थ सांगणारा असेल तरच, नसेल तर मंडळीत गप्प.

दोन पद्धती आहेत. वाक्यागणिक भाषांतर : वक्ता थांबतो, दुभाषी बोलतो. उपकरण लागत नाही, पण वेळ दुप्पट लागतो. पंचवीस मिनिटांत संदेश बसवायचा तर पाळकांच्या हातात बारा-तेरा मिनिटांचाच मजकूर. हे आधी न सांगितल्याने संदेश पन्नास मिनिटांवर जातो आणि दोन्ही भाषांचे लोक कंटाळतात. दुसरी, एकाच वेळी चालणारं भाषांतर : दुभाषी बाजूला बसून हळू आवाजात माईकवर, ऐकणाऱ्यांच्या कानात हेडफोन. वीस जणांसाठी हीच बरी. यात डोकं फार शिणतं, त्यामुळे दोन दुभाषी हवेत आणि वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलायची.

वाक्यागणिक करायचं ठरलं तर पाळकांनी एक सवय लावून घ्यावी. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "देवाने आपल्या लोकांना, ते बंडखोर असतानाही, चाळीस वर्षं रानात..." इथे थांबलात तर दुभाष्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. "सांभाळलं" की "शिक्षा केली" हे त्याला कुठे ठाऊक? विचार पूर्ण करा, मग थांबा. एका वेळी एक वाक्य, फार तर दोन छोटी.

दुभाष्याला दोन दिवस आधी काय द्यायचं : संदेशाचं ते एक वाक्य, वचनांचे संदर्भ, दृष्टांत, नावं आणि आकडे. वचनं त्याने जागच्या जागी भाषांतरित करायची नाहीत. त्या भाषेतल्या छापील पवित्र शास्त्रातून वाचायची. इथे एक खाच आहे. स्तोत्रांचे क्रमांक सगळ्या परंपरांत सारखे नाहीत. सेप्टुआजिंट हे प्राचीन ग्रीक आणि व्हल्गेट हे लॅटिन भाषांतर, त्यांच्या क्रमाने छापलेल्या प्रतीत आपलं २३ वं स्तोत्र २२ वं असतं. ९ नंतर १४७ पर्यंत बहुतेक क्रमांक एकाने मागे चालतात. आधी तपासलं नाही तर दोन गट दोन वेगळी स्तोत्रं वाचत बसतील.

यमकं, कोट्या आणि एकाच अक्षराने सुरू होणारे तीन मुद्दे भाषांतरात मरतात. मूळ भाषेतही त्यांचा फार उपयोग होतो असं नाही, पण ते राहू द्या.

कर्णबधिर सभासद असतील तर खुणांच्या भाषेचा दुभाषी पाळकांच्या शेजारी, चेहऱ्यावर पुरेसा उजेड, मागे खिडकी नको. प्रार्थनेच्या वेळी दिवे मंद करायची पद्धत असेल तर ती सोडा. काळोखात त्यांची प्रार्थना तिथेच थांबते. पडद्यावर शब्द दिले म्हणजे झालं असंही समजू नका. खुणांच्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे आणि लिहिलेली मराठी ही त्यांच्यातल्या अनेकांची दुसरी भाषा असते.

समितीवाला

मनापासून आभार, एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. दोन गोष्टी राहिल्या. एक, त्या जड शब्दांचं काय? दोन, संडे स्कूल आणि बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग. तिथे शिक्षक शेवटी "कळलं ना?" विचारतात, सगळे "हो" म्हणतात, आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरी.

संडे स्कूल ताई

शब्द काढू नका. शास्त्रातच ते आहेत. वर्गातून काढले तरी रोमकरांस पत्र उघडलं की समोर येणारच. एका संदेशात किंवा एका तासाला नवा शब्द एकच घ्या. पहिल्यांदा उच्चारताना त्याच वाक्यात अर्थ सांगा आणि त्या दिवसभरात निदान तीनदा त्याच अर्थाने वापरा. जसं : "देव आपल्याला नीतिमान ठरवतो, म्हणजे न्यायाधीश आरोपीला 'तू निर्दोष आहेस' असा निकाल देतो तसा देव ख्रिस्तामुळे आपल्या बाजूने निकाल देतो." मग रोमकरांस ५:१ वाचा. या शब्दाच्या व्याख्येवर पंथापंथांत मतभेद आहेत, म्हणून आपल्या मंडळीची प्रश्नोत्तरी किंवा मतपत्रिका काय म्हणते ते आधी पाळकांशी बोलून ठरवा. दोन शिक्षकांनी दोन व्याख्या दिल्या की मुलं दोन्ही विसरतात.

गोंधळ एका शब्दाने कमी होतो, शब्दांच्या ढिगाने वाढतो. "ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताने नीतिमान ठरून पवित्रीकरणाच्या वाटेवर" हे वाक्य बरोबर आहे, पण नवख्याला त्यातलं फक्त "वाटेवर" कळतं.

"कळलं ना?" हा प्रश्नच बंद करा. त्याऐवजी :

"हे तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीला कसं सांगशील?" स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर कळलं. तुमचंच वाक्य परत आलं तर पाठ झालं, कळलं की नाही ते अजून कळायचं आहे.

"यातलं काय खरं नाही?" असं म्हणून मुद्दाम एक चुकीचं विधान द्या. "आपण चांगले वागलो म्हणून देवाने क्षमा केली, बरोबर?" इथे जे गप्प बसतात त्यांच्यावर पुढच्या तासाला लक्ष द्या.

प्रश्न विचारल्यावर निदान पाच सेकंद थांबा. बहुतेक शिक्षक एका सेकंदात स्वतःच उत्तर देतात आणि मुलं ते हेरून वाट बघायला शिकतात.

लहान मुलं, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, शब्द जसा आहे तसा घेतात. "येशूला हृदयात घे" म्हटलं की तो आत मावणार कसा हा प्रश्न त्यांना खरोखर पडतो. "येशूचं ऐक, त्याच्याशी बोल, तो तुझ्याबरोबर आहे" असं सांगा. "देवाचा कोकरा" हे निर्गम १२ मधल्या वल्हांडणाची, कोकराच्या रक्तामुळे इस्राएली वाचले ती, गोष्ट सांगितल्याशिवाय वापरू नका. नाहीतर त्यांच्या डोळ्यांपुढे नुसतं गोंडस पिल्लू येतं, आणि नंतर वधस्तंभाशी ते जोडता येत नाही.

अर्ध्या तासाच्या वर्गात एक गोष्ट, एक मुखपाठ वचन, एक प्रश्न. मुखपाठ वचन दहा-बारा शब्दांचं, संदर्भ आधी आणि शेवटी दोन्हीकडे म्हणून घ्यायचा. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं मागच्याच प्रश्नाला. पाटी कोरी राहते ती बहुतेक हा भाग वगळल्यामुळे.

मोठ्यांच्या बाप्तिस्मा वर्गात एक भर. बाप्तिस्म्याच्या विधीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची प्रत पहिल्याच दिवशी हातात द्या. "सैतानाचा आणि त्याच्या सर्व कामांचा तू त्याग करतोस काय?" असा प्रश्न तुमच्या विधीत असेल, तर तो उमेदवाराने बाप्तिस्म्याच्या दिवशी पहिल्यांदा ऐकता कामा नये.

एज्राचा मंच

याला जोडूनच प्रभुभोजन. नवख्याला सगळ्यात अवघड तिथे होतं आणि कोणी काही सांगत नाही. कोणी घ्यायचं, न घेणाऱ्याने काय करायचं (बसून राहायचं की पुढे येऊन आशीर्वाद घ्यायचा), कुठल्या बाजूने यायचं, भाकर हातात की जिभेवर, प्याला एक की छोटे पेले, लगेच घ्यायचं की सगळ्यांनी एकदम. चार वाक्यांत बसतं. ते गीताआधी सांगायचं, भाकर मोडल्यावर नाही. छापील पत्रिकेतही घाला. "उभे राहूया" हे आधी, पान क्रमांक नंतर, आणि क्रमांक दोनदा.

समितीवाला

पत्रिकेवरून आठवलं. संदेशाचे मुद्दे छापून त्यात गाळलेल्या जागा भरायला द्याव्यात अशी एक सूचना आहे. उपयोग होतो का?

पाच शब्द

माझं मत विरुद्ध. लोक अर्थापेक्षा गाळलेला शब्द शोधायला लागतात आणि एक जागा चुकली की शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात. उतारा पूर्ण छापा, १४ पॉइंटमध्ये, बाजूला लिहायला रुंद समास सोडा. खाली संदेशाचं ते एक वाक्य आणि घरी बोलायला एक प्रश्न. पाळकांना हे शुक्रवारपर्यंत छपाईला द्यावं लागेल, म्हणजे वाक्य शुक्रवारपर्यंत ठरवावंच लागेल. समितीला पाळकांना थेट सांगायला संकोच वाटत असेल तर पत्रिकेची मुदतच ते काम करेल.

मागचं बाक

आणि पत्रिका छापायच्या आधी एकदा पन्नाशीच्या पुढच्या माणसाकडून हॉलच्याच उजेडात वाचून घ्या. ऑफिसच्या ट्यूबखाली १४ पॉइंट ठीक दिसतो, बाल्कनीखालच्या बाकांवर १६ लागेल.